कळशीचा दोष

आमच्या आजीला टेप लागत नसे. घरातल्या पोरींचे परकर ती नजरेनेच बेतायची. म्हणून धाकट्या आत्याच्या परकराचा काठ एका अंगाने वर चढतोय, हे आधी तिलाच दिसलं. उसवून पुन्हा शिवला, तरी तेच. मग आत्याला परसात नेऊन ओणवं व्हायला लावलं, तर पाठीची उजवी बाजू वर आलेली. डॉक्टर आजही मुलांना असंच ओणवं करून बघतात. इंग्लंडातल्या अ‍ॅडम्स यांनी १८६५ साली ही रीत लिहून ठेवली होती म्हणे. आजीने कुठला अ‍ॅडम्स वाचायला!

ही गोष्ट १९६०च्या आसपासची, रत्नागिरीकडची. मी तेव्हा पाळण्यातून नुकती उतरलेली, त्यामुळे यातलं माझं स्वतःचं जवळजवळ काहीच नाही. वडलांचं नि काकूचं जुळत नाही तिथे मी काकूचं खरं धरते, कारण त्या दिवशी चुलीवर काय होतं तेही तिला आठवे.

पोरीचा कणा का वाकला, यावर घरात खल झाला. शेजारणीने ग्रहणावर ढकललं, आजोबांनी दप्तरावर. आजीने मात्र दोष स्वतःकडे घेतला. विहिरीवरून कळशी कडेवर आणायला मीच लावलं ना तिला! पुढे ती आत्याला रिकामी कळशीसुद्धा उचलू देत नसे.

शेवटी ऑपरेशनसाठी बोटीने मुंबई गाठली. त्या काळी कमरेच्या हाडाचे कपचे काढून मणक्यांवर रचायचे आणि मणके एकमेकांत सांधू द्यायचे. न्यूयॉर्कच्या हिब्ज यांनी १९११ साली पाठीचे मणके सांधायला घेतले होते. सांधा धरेपर्यंत मानेपासून कमरेखालपर्यंत प्लॅस्टर, नि पोर आडवी. किती महिने, यावर घरात आजही एकमत नाही. खाज सुटली की विणायची सुई आत सरकवायची. एकदा रव्याच्या लाडवाचा चुरा आत गेला आणि मागोमाग मुंग्या! तेव्हापासून आटवल आणि मेतकूट, तेही चमच्याने, एवढंच.

आजी उशाशी बसून कुब्जेची गोष्ट सांगे. कृष्णाने तिच्या पावलांवर पाऊल ठेवलं, हनुवटीला दोन बोटं लावून वर उचललं, झाली सरळ. आत्या विचारी, "मग मलाच हा दगडाचा झगा कशाला?" गंमत म्हणजे तिकडे अमेरिकेत ह्यूस्टनला डॉ. पॉल हॅरिंग्टन तेच करू पाहत होते. पोलिओने श्वास दुबळा झालेल्या मुलांना ते प्लॅस्टर सोसवेना, म्हणून त्यांनी कण्याला वर-खाली आकडे लावून पोलादी सळीने तो ताणून धरला. १९६२ साली त्यांनी हे काम छापून जगापुढे मांडलं. आत्याची वेळ थोडक्यात हुकली.

पुढे माझ्या नातीचाही कणा ५२ अंशांनी वळला होता. पुण्यात ऑपरेशन झालं. आता मणक्यामणक्यात स्क्रू, त्यांना जोडणाऱ्या सळ्या, आणि मज्जारज्जूला धक्का लागत नाही ना, हे बघायला हातापायांना तारा. पूर्वी म्हणे मुलाला ऑपरेशनमध्येच जागं करून पायाची बोटं हलवायला सांगत. ऐकूनच माझ्या पोटात खड्डा पडला. पोरगी मात्र दुसऱ्या दिवशी धरून उभी राहिली, बोटभर उंचही दिसली. मेतकुटाचा डबा घेऊन आलेली आत्या प्लॅस्टर शोधत राहिली, नि ते नाही म्हटल्यावर जरा हिरमुसलीच.

सुनेने डॉक्टरांना हळूच विचारलं, "दप्तराने झालं का हो? मीच लक्ष दिलं नाही." ते म्हणाले, वाढीच्या वयात होतं, मुलींत जास्त. बहुतेकांत कारण सापडतच नाही, पण दप्तराने किंवा बसण्याच्या सवयीने होत नाही. आत्याला कमी ऐकू येतं, म्हणून मी तिच्या कानाशी ओरडले, "कळशीने नव्हतं गं झालं!"

"ते मला तेव्हाही वाटत होतंच," आत्या डबा उघडत म्हणाली, "पण पाणी भरणं सुटलं होतं ना. कशाला बोलू?"