सोरायसिस की एक्झिमा? मेडिकलवरून ट्यूब आणण्याआधी हे वाचा

छत्रपती संभाजीनगर : अंगावर लाल चट्टा उठला, खाज सुटली, की मेडिकलवर जाऊन 'खाजेची ट्यूब द्या' म्हणायचं, हा कन्नडपासून पैठणपर्यंत सगळीकडचा रिवाज. ट्यूब लावली की चार दिवस आराम पडतो, सोडली की पुन्हा जैसे थे. अशी दोन-तीन वर्षं निघून जातात, पण आजार नेमका कोणता हे कोणी तपासलेलंच नसतं.

सोरायसिस आणि एक्झिमा, म्हणजे इसब, यांत गल्लत फार होते. पहिली खूण जागेची. सोरायसिस बहुतेक वेळा कोपराच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्यावर, डोक्यात आणि कमरेवर येतो. चट्टा जाड, त्याची कड स्पष्ट, वर चांदीसारख्या पांढऱ्या खपल्या. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात. काहींची बोटं, सांधे सुजून दुखतात. ही वाताची दुखणी समजून सोडून देऊ नयेत.

इसब मात्र कोपराच्या आतल्या घडीत, गुडघ्याच्या मागे, मानेवर, हातांवर जास्त. खाज इतकी की रात्री झोप लागत नाही. चट्ट्याची कड अस्पष्ट, कधी पाणी सुटतं. घरात दमा किंवा सर्दीची अ‍ॅलर्जी असेल तर शक्यता वाढते. साबण, सिमेंट यांनीही हातावर इसब उठतो.

शेतकऱ्यांसाठी आणखी एक कारण बांधावरच उभं असतं, ते म्हणजे गाजर गवत. आपल्याकडं त्याला काँग्रेस गवत म्हणतात. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि नंतर ते देशभर पसरलं. चेहरा, पापण्या, मान, हात अशा उघड्या भागावर त्याची अ‍ॅलर्जी उठते. असा त्रास असणाऱ्यानं हे गवत स्वतः उपटू नये, निदान उघड्या हातानं तरी नाहीच.

गोल चकती, कडेला लाली आणि मध्ये साफ, असं असेल तर तो बहुधा नायटा. यात स्टेरॉईडची ट्यूब लावली तर खाज थांबते, पण बुरशी आत पसरत जाते. चट्टा सुन्न असेल, खाज नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करावी. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

सोरायसिस आणि इसब शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं पसरत नाहीत. तरी घरात वेगळा तांब्या ठेवतात, सोयरीक मोडतात. ही अडाणीपणाची गोष्ट आहे.

स्टेरॉईड हे वाईट औषध नाही. डॉक्टर ते मोजून, ठरावीक दिवस देतात. मात्र सोरायसिसमध्ये स्टेरॉईडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन घेऊन अचानक बंद केलं तर सगळं अंग लाल होऊन दवाखान्यात भरती व्हायची वेळ येऊ शकते. 'एका इंजेक्शनात मोकळं करतो' म्हणणाऱ्यापासून म्हणूनच लांब राहावं.

आजार जास्त असेल तर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. सोरायसिसमध्ये ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ही गोळी असेल तर वार ठरवून कोणीतरी स्वतःच्या हातानं द्यावी. गरोदर बाईनं ती घेऊ नये, मूल हवं असलेल्या नवरा-बायकोनं आधी डॉक्टरांना सांगावं.

दोन्ही आजार पुन्हा पुन्हा उलटतात, पण ताब्यात राहतात. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधं व्हॅसलीन लावलं तरी बराच फरक पडतो. दारू, तंबाखू आणि ताणानं सोरायसिस वाढतो.

आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं. पुढं शहरात घाटी रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. जाताना आधी लावलेल्या ट्यूबा, गोळ्यांची पाकिटं आणि बीपीची औषधं सुरू असतील तर तीही सोबत न्यावीत, कारण काही औषधांनी सोरायसिस उलटतो. त्या दिवशी हळद, कडुलिंबाचा लेप किंवा मलम लावू नये. डॉक्टरांना चट्टा जसा आहे तसा दिसला पाहिजे.