श्रुतिपेटी व तिचे सूर

तिवसें तालुक्यांतील मोझरीस गुरुकुंजांत खंजिरीसोबत पेटी ऐकतां आम्हांस सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांचें स्मरण होतें. षड्ज २४० कंपनांचा धरिल्यास समविभागी पेटीचा गांधार सुमारें ३०२.४ येतो, ५:४ या शुद्ध प्रमाणानें तो ३०० हवा. भेद अल्प, परंतु तंबोऱ्याशीं तो लपत नाहीं. देवलांनी १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक काढिलें. अब्दुल करीमखांनी त्यांस गळ्याचें साह्य दिलें, व क्लेमंट्ससाहेबांच्या सहकार्यानें श्रुतिपेटी सिद्ध झाली. १९१६ च्या बडोदें परिषदेंत तिजवर वाद माजला. तो वाद कसाहि असो, सूर जुळवितांना पितळेची पात घासली कीं जुना पुरावा पोथीवरील अक्षराप्रमाणें खरवडला जातो. म्हणून संग्राहकांनीं जुनी पेटी कारागिराच्या हातीं देण्यापूर्वीं प्रत्येक पट्टीचीं कंपनें टिपून ठेवावीं.