तक्रारपेटीची किल्ली

राजुऱ्याच्या कोर्टात एमसीआर (मॅजिस्ट्रेट कस्टडी रिमांड, म्हणजे न्यायालयीन कोठडी) झाला की आरोपीला वर्धा नदीपलीकडे चंद्रपूरच्या जिल्हा कारागृहात नेतात. इंग्रजांविरुद्ध बंड केलेल्या बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी जिथल्या पिंपळावर फाशी दिली, तोच हा तुरुंग.

आतल्या माणसाचं गाऱ्हाणं बाहेर पोचावं म्हणून तुरुंगात तक्रारपेटी असते. तिच्याआधी होते अभ्यागत. १८९४ च्या तुरुंग कायद्याने त्यांच्या नेमणुकीचे नियम करायची मुभा सरकारला दिली. कलेक्टर, न्यायाधीश आणि गावातले काही प्रतिष्ठित तुरुंगात यायचे, पाहायचे आणि वहीत शेरा लिहून जायचे. पण शेजारी जेलर उभा असताना जेलरविरुद्ध तोंड कोण उघडणार?

बरं, लिहून पाठवावं तर कागदही सरकारच्याच हाती. मुंबईत भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरी यांनी ‘अणूचं अंतरंग’ हे मराठी पुस्तक लिहिलं. विषय शुद्ध विज्ञानाचा, तरी हस्तलिखित बाहेर पाठवायला सरकारने नकार दिला आणि भांडण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. १९६५ मध्ये तिथे सरकार हरलं.

पेटी आली ती एका चिठ्ठीतून. तिहारमध्ये फाशीची शिक्षा झालेल्या सुनील बत्रा याने सर्वोच्च न्यायालयाला कळवलं, की एका हेड वॉर्डरने दुसऱ्या कैद्याचा अमानुष छळ केला. त्यामागे कैद्याच्या नातेवाइकांकडून पैसे उकळण्याचा डाव होता. ना वकील, ना स्टॅम्प, तरी ती चिठ्ठीच याचिका मानली गेली. २० डिसेंबर १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ठरवून दिलं, की तक्रारपेट्या जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीश यांच्या हुकमतीत राहतील, त्या वेळोवेळी उघडल्या जातील, आणि प्रत्येक कैद्याला पेटीपर्यंत जाता येईल. माझ्या मते सगळी करामत यातल्या पहिल्या अटीत आहे. किल्ली अधीक्षकाच्या खिशात असती, तर पेटी नुसती भिंतीची शोभा झाली असती.

पेटी आली म्हणून अभ्यागत गेले नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने जातीवरून कामं वाटणारे तुरुंगातले नियम रद्द केले. असला भेदभाव अजून चालतो का, हे तपासायला पुन्हा त्याच अभ्यागतांच्या मंडळाला आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला जुंपलं.

जिवती-राजुरा तालुक्यांत मात्र वेगळीच पंचाईत आहे. पेटीत कागद पडतो, बोलणं पडत नाही. घरी कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्या आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या कच्च्या कैद्याची तक्रार बराकीतल्या लिहित्या सोबत्यालाच उतरवून घ्यावी लागते. बत्राची चिठ्ठी तरी कुठे स्वतःसाठी होती?