टीव्हीचे पैसे

‘सबस्क्रिप्शन’ला मराठीत चांगला जुना शब्द आहे, वर्गणी. ‘केसरी’ १८८१ साली निघाला, त्या काळापासून वर्तमानपत्रांना वर्गणीदार असायचे. वाचनालयाची वर्गणी असते, गणपतीची असते. पण ‘यंदाची नेटफ्लिक्सची वर्गणी भरली का?’ असं मोठ्याने म्हणून बघा, हसू येतं. मला वाटतं वर्गणी म्हटलं की ती मागायला कुणीतरी दारात येतं, आणि ‘पुढच्या आठवड्यात या’ असं त्याला सांगता येतं. सबस्क्रिप्शनला असं काही सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात मी आमच्या घरच्या ॲप्सची एक शीट तयार केली. घर जुना जालन्यात, म्हणजे कुंडलिकेच्या अलीकडे, स्टेशनच्या बाजूला. मी पुण्यात कोड लिहितो, वडील निवृत्त, धाकटा भाऊ इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. चार ॲप्स, एक केबल आणि एक इंटरनेट, सगळं माझ्या एका पगारातून जातं. भावाच्या पुढच्या सत्राची फी तोंडावर आल्यावर यातलं काय ठेवायचं हा प्रश्न गमतीचा राहिला नाही. रकाने भरताना मात्र लक्षात आलं की हाच हिशोब या घराने आधीही तीनचार वेळा केलेला आहे. फक्त तेव्हा एक्सेल नव्हतं.

पहिला हिशोब आजोबांचा. त्यांच्या ट्रंकेत रेडिओच्या परवान्याचं पुस्तक अजून आहे, पोस्टाच्या शिक्क्यांसकट. तुमच्यापैकी अनेकांना हे खोटं वाटेल, पण या देशात रेडिओ ऐकायला परवाना लागत असे. पोस्टात जायचं, पैसे भरायचे, पुस्तकावर नोंद करून घ्यायची. रेडिओला वर्षाला १५ रुपये आणि पुढे टीव्ही आला तेव्हा त्याला ५०. परवाना नसेल तर तो गुन्हा. हे पैसे काय ऐकता याचे नव्हते, यंत्र घरात आहे याचे होते. १९८५ च्या सुमारास ही पद्धत बंद झाली. तरुण मंडळींना ‘आधी सगळं फुकट होतं’ असं सांगणाऱ्या काकांना हे पुस्तक दाखवावं असं मला फार वाटतं.

टीव्ही आमच्याकडे उशिराच आला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण मुंबईचा सिग्नल मराठवाड्यात कुठून येणार? १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपक भराभर उभे राहिले आणि लहान शहरांतल्या गच्च्यांवर ॲंटेना दिसू लागले. गंमत अशी की हे प्रक्षेपक प्रामुख्याने दिल्लीचा कार्यक्रम पुढे पाठवत. म्हणजे मुंबई-पुण्याकडच्या घरांत मराठी नाटकं दिसत होती तेव्हा आमच्याकडे टीव्ही होता पण त्यात मराठी फारशी नव्हती. मराठवाड्याच्या अनुशेषाच्या चर्चेत रस्ते आणि पाणी येतं, ते बरोबरच आहे. पण पडद्यावर आपली भाषा किती वर्षं उशिरा आली, हाही एक अनुशेषच म्हणायला हवा.

मग व्हिडिओ आला. वडील याबद्दल बोलायला लागले की थांबत नाहीत. रात्रीपुरता रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी भाड्याने आणायच्या, अख्ख्या गल्लीने पैसे काढायचे आणि पहाटेपर्यंत तिन्ही पिक्चर संपवायचे, कारण सकाळी सगळं परत करायचं. पहिला पिक्चर देवाधर्माचा, म्हणजे आजी-पणजीही बसायच्या; तिसरा सुरू होईपर्यंत निम्मी गल्ली सतरंजीवर झोपलेली. त्यातल्या पुष्कळ कॅसेटी चोरून केलेल्या असत. व्हिडिओ चोरी इतकी वाढली की १९८४ साली कॉपीराइट कायदा त्यासाठी बदलावा लागला. आजच्या टेलिग्रामवरच्या लिंक्स हा काही आमच्या पिढीचा शोध नाही. पण त्या रात्रीच्या पैशांना गल्लीत शब्द होता तो वर्गणीच. ज्याने दिले नाहीत तोही येऊन बसायचा, आणि त्याला कुणी पासवर्ड विचारत नसे.

माझ्या आठवणी केबलपासूनच्या. १९९१ मध्ये आखाती युद्ध भारतातल्या काही हॉटेलांत उपग्रहावरून थेट दिसलं, त्याच वर्षी स्टार आलं, २ ऑक्टोबर १९९२ ला झी. गल्लोगल्ली कुणीतरी डिश लावून वायरी ओढल्या, आणि सरकारने केबलचा कायदा केला तो १९९५ मध्ये. तोपर्यंत जाळं उभंच राहिलं होतं. मराठी खाजगी वाहिन्या अजून उशिरा आल्या. अल्फा मराठी १९९९ मध्ये, ई टीव्ही मराठी २००० मध्ये. आईच्या पिढीला संध्याकाळी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसायला कारण मिळालं ते तेव्हा.

आमच्या केबलवाल्या काकांकडे एक लांबट वही असायची. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते यायचे, पैसे घेऊन खूण करायचे. कुणाचा पगार अडकला तर पुढच्या महिन्यात दोन खुणा. ज्यांची शेती गावाकडे होती त्यांचा हिशोब कापूस विकल्यावर. फार झालं तर वायर काढायचे, पण तीही स्वतः शिडी घेऊन येऊन, चारचौघांत, त्यामुळे त्यांनाही ते नको असायचं. ही व्यवस्था काही आदर्श नव्हती. कोणते चॅनल द्यायचे ते काका ठरवायचे, ग्राहक किती हे वर कंपनीला कमी सांगितलं जातं ही तेव्हा देशभर तक्रार होती, आणि पावसात चित्र गेलं तर दोन दिवस कुणी फिरकत नसे. तरीही उधारी ही तिच्यातली सगळ्यात मोलाची सोय होती आणि ती कुठल्याच जाहिरातीत लिहिलेली नव्हती.

सेट टॉप बॉक्सने ती मोडली. २०१२ मध्ये महानगरांपासून सक्तीचं डिजिटायझेशन सुरू झालं, टप्प्याटप्प्याने आमच्यापर्यंत आलं. आता पैसे आधी, चित्र नंतर. आणि मग फेब्रुवारी २०१९: ‘ट्राय’चे नवे नियम. जे बघाल त्याचेच पैसे द्या, अशी कल्पना. १०० वाहिन्यांसाठी १३० रुपये नेटवर्कचं शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकही सशुल्क वाहिनी न घेता १५३ रुपये ४० पैसे. पुढे प्रत्येक वाहिनीचा वेगळा भाव. संचात घालायची असेल तर जास्तीत जास्त १९ रुपये. मी तेव्हा सुट्टीवर घरी होतो. आई, आजी आणि मी फॉर्म घेऊन बसलो, एकेका वाहिनीवर टिक केली, बेरीज केली, आणि काका म्हणाले, ‘हे सुटं महाग पडतंय, त्यापेक्षा पॅक घ्या.’ ते खरंच होतं. सुट्या भावांची बेरीज मुद्दाम जड ठेवलेली असली की संच स्वस्त दिसतो. वर्षभराने, जानेवारी २०२० मध्ये, संचावर किती सूट देता येईल याला ‘ट्राय’लाच मर्यादा घालावी लागली.

ॲप्सनी हेच वचन पुन्हा दिलं. हॉटस्टार २०१५ मध्ये आलं, नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओ २०१६ मध्ये, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिओ आल्यामुळे ते जालन्यापर्यंत पोचलं. प्राइम सुरुवातीला वर्षाला ४९९ होतं, ते ९९९ झालं, डिसेंबर २०२१ पासून १,४९९. जून २०२५ पासून त्यात जाहिराती आल्या, आणि जाहिराती नको असतील तर वर्षाला आणखी ६९९. नेटफ्लिक्सने उलट २०२१ मध्ये दर उतरवले, फोनपुरतं १४९, सगळ्यात मोठं ६४९. केबलवर आईच्या सगळ्या मराठी वाहिन्या शेजारशेजारी असायच्या. ॲप्समध्ये झी मराठी झी५ वर, सोनी मराठी सोनी लिव्हवर, स्टार प्रवाह हॉटस्टारवर आणि कलर्स मराठी जिओ सिनेमावर गेली. शेवटच्या दोन फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओ हॉटस्टार झाल्यावर एका छताखाली आल्या. पॅक परत बांधला गेला, फक्त बांधणारा बदलला.

आता माझी शीट. शेवटी मी दर महिन्याच्या भावापेक्षा एकच रकाना महत्त्वाचा मानला: हे बंद केलं तर घरात कुणाला फरक पडेल? नेटफ्लिक्स मी आणि भाऊ बघतो, तेही वर्षातून चारदोन मालिका. ते बंद, चांगलं काही आलं की एक महिना घ्यायचं. प्राइमचं वर्ष संपेपर्यंत ठेवायचं, पुढे नाही. जिओ हॉटस्टार क्रिकेट आणि आईच्या दोन वाहिन्यांसाठी राहील. झी५ आजीसाठी घेतलं होतं. पण आजी मोबाइलवर काही बघत नाही. तिला आठ वाजले की आठची मालिका हवी, ‘कंटिन्यू वॉचिंग’ तिच्या कामाचं नाही. तिच्यासाठी केबलच. म्हणजे मी ज्याला सगळ्यात आधी कात्री लावणार होतो तीच या घरातली सगळ्यात जास्त वापरली जाणारी सेवा निघाली, दिवसाला पाच तास. मी पुण्यातून ती कापली असती तर शीट सुंदर दिसली असती आणि आजी संध्याकाळी नुसती बसून राहिली असती.

ऑटोपेचा मुद्दा वेगळाच. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी कळवावं लागतं. कळवतात. पण त्या मेसेजला ‘कापूस अजून विकला नाही’ असं उत्तर देता येत नाही. कुणाच्याही खात्यात त्या दिवशी पैसे नसले की त्याची खूण वहीत होत नाही, बँकेत होते.

शीट मी घरच्या ग्रुपवर टाकली. आईने ती उघडली नाही, फोन केला. केबलवाले काका येऊन गेले होते. त्यांची वही केव्हाच गेली, आता हातात फोन असतो, आणि केबलबरोबर फायबरचं इंटरनेटही तेच देतात. नव्या प्लॅनमध्ये इंटरनेट, केबल आणि वर बरीचशी ॲप्स, सगळं एकाच बिलात, असं सांगत होते. आईने त्यांना एवढंच विचारलं होतं, की दर महिन्याला घ्यायला तुम्ही याल ना?