गिटारवादक निघून गेल्यावर

ऑगस्ट १९६७ मध्ये फ्रान्समधले कार्यक्रम आटोपून ‘सॉफ्ट मशीन’ हा इंग्लिश वृंद मायदेशी परतला, तेव्हा त्याचा गिटारवादक डेव्हिड ॲलन याला इंग्लंडमध्ये प्रवेश मिळाला नाही. ॲलन मूळचा ऑस्ट्रेलियन. त्याच्या व्हिसाची मुदत उलटून गेली होती. तो पॅरिसला राहिला आणि पुढे तिथेच त्याने ‘गाँग’ हा दुसरा वृंद उभा केला. इंग्लंडमध्ये उरले तिघे : ऑर्गनवर माइक रॅटलेज, बेस गिटारवर केव्हिन एअर्स आणि ड्रम्स वाजवता वाजवता गाणारा रॉबर्ट वायट.

पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, लंडनमधल्या शाळकरी मित्रांच्या ‘युरिएल’ या वृंदातला गिटारवादक स्टीव्ह हिलेज विद्यापीठात शिकायला कँटरबरीला गेला. मागे राहिलेल्या तिघांनी ‘एग’ हे नाव घेतले. त्याच वर्षी ‘द नाइस’ या वृंदाच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेचे काम चालू असताना त्यांचा गिटारवादक डेव्हिड ओलिस्ट बाहेर पडला आणि ऑर्गनवादक कीथ एमर्सनवर सगळा भार आला. व्हिसा, विद्यापीठ, बेबनाव. कारणे तीन आणि तिन्ही संगीताच्या बाहेरची. पण या तीन रिकाम्या खुर्च्यांभोवती जे संगीत उभे राहिले, ते आज प्रोग्रेसिव्ह रॉकच्या इतिहासात गिटारविना रॉक म्हणून ओळखले जाते.

या इतिहासाची रूढ मांडणी वेगळी आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीताचे संस्कार झालेल्या काही तरुणांना रॉक संगीत नाचघरातून उचलून मैफलीच्या सभागृहात न्यायचे होते आणि म्हणून त्यांनी गिटार बाजूला सारली, असे सांगितले जाते. प्रशंसक हे कौतुकाने सांगतात, टीकाकार उपहासाने. गेली काही वर्षे मी या काळातल्या ध्वनिमुद्रिका तारखांच्या क्रमाने ऐकत आलो आहे आणि क्रम लावला की ही मांडणी उलटी दिसू लागते. खुर्ची आधी रिकामी झाली. तत्त्वज्ञान मागून आले. माझे म्हणणे एवढेच की गिटार काढून टाकल्यामुळे नवे संगीत जन्मले नाही. गिटार जी कामे करत होती ती उरलेल्यांनी कशी वाटून घेतली, त्या वाटपातून ते जन्मले.

इथे गिटार म्हणजे सहा तारांची विद्युत गिटार. बेस गिटार बहुतेक वृंदांत होतीच. १९६० नंतरच्या रॉकमध्ये या सहा तारांच्या वाद्याकडे निदान चार कामे होती. पहिले, गाण्याखाली सतत वाजणारा भराव. दुसरे, गायन थांबले की पुढे होऊन स्वर खेचत, वाकवत केलेले एकलवादन. तिसरे, आवाज मुद्दाम फाडून आणलेला खरखरीत जोर. आणि चौथे, जे ध्वनिमुद्रिकेवर दिसत नाही : रंगमंचावर उभा असलेला, वाद्य अंगाला बांधून हिंडणारा माणूस. ऑर्गनवादक बसलेला असतो आणि त्याचे वाद्य लाकडी कपाटासारखे असते.

संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला ऑर्गन परका नाही. पण आपल्या रंगभूमीवरचा ऑर्गन पायाने भाता मारायचा आणि आत पितळी पट्ट्या कंप पावायच्या. इंग्लंडमधल्या या मुलांच्या हाती आलेला हॅमंड ऑर्गन निराळा. तो शोधला शिकागोच्या लॉरेन्स हॅमंडने. हा गृहस्थ वादक नव्हता. विजेवर चालणारी घड्याळे बनवत असे. घड्याळातली तीच मोटर त्याने ऑर्गनमध्ये बसवली. १९३५ मध्ये बाजारात आलेल्या या वाद्यात दातेरी धातूच्या चकत्या चुंबकांपुढे फिरतात आणि प्रत्येक चकती एक स्वर निर्माण करते. पुढे सर्वात गाजलेल्या बी-३ या नमुन्यात अशा ९१ चकत्या होत्या; बाक आणि पायपट्ट्यांसह त्याचे वजन १९० किलोंच्या घरात जाई. पाइप ऑर्गन परवडत नाही अशा चर्चसाठी हे वाद्य सोयीचे होते. पुढे ते जॅझमध्ये आणि तिथून रॉकमध्ये आले. पण आले ते साथीला.

साथीच्या वाद्याला पुढे बसवायचे तर त्याची मोठी उणीव आड येत होती. पट्टी दाबली की स्वर लागतो, सोडली की तुटतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. मींड नाही. आपल्याकडे पेटीवरचा मुख्य आक्षेप हाच होता. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली, तिच्यामागे हेच कारण होते. गिटारवादक तार ओढून जे सहज करतो, ते हॅमंडवर अशक्य. मग ते काम कोणी आणि कसे करायचे?

या प्रश्नाशी झुंजणारा एक पूर्वसूरी होता. ग्रॅहम बाँडच्या वृंदातून जॉन मॅक्लॉफ्लिन हा गिटारवादक १९६३ मध्ये बाहेर पडला. हाच मॅक्लॉफ्लिन पुढे झाकीर हुसेन आणि एल. शंकर यांच्याबरोबर ‘शक्ती’मध्ये वाजवताना आपल्याला भेटतो. त्याच्या जागी बाँडने दुसरा गिटारवादक न घेता डिक हेक्स्टॉल-स्मिथ हा सॅक्सोफोनवादक घेतला. स्वतः बाँड डाव्या हाताने ऑर्गन आणि उजव्या हाताने सॅक्सोफोन एकाच वेळी वाजवत असे. १९६५ मध्ये या वृंदाच्या दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्या ऐकताना जाणवते की मोकळ्या जागेत फुंकवाद्य येऊन बसले आणि कामही भागले. पण संगीताचा घाट अजून ब्लूजचाच राहिला. बाँडने कामे वाटली, रचना मात्र बदलली नाही.

रचना बदलली ती पुढच्या पिढीत. ‘सॉफ्ट मशीन’च्या रॅटलेजने गिटारचे तिसरे काम, म्हणजे खरखर, आधी उचलले. त्याने आपला लोरी ऑर्गन फझ बॉक्समधून वाजवला. फझ बॉक्स हे गिटारवाल्यांचे उपकरण. त्यातून ऑर्गनचा आवाज सनईसारखा टोकदार आणि फाटका होतो. पण त्याची किंमत अशी की हात पट्टीवरून उचलला रे उचलला की ध्वनिवर्धकातून शीळ घुमू लागते. म्हणून रॅटलेज हात उचलतच नसे. श्वास न घेता बोलणाऱ्या माणसासारखे त्याचे एकलवादन अखंड, एका दमात पुढे जाते. ऐकणाऱ्याला ती शैली वाटते. तिचे मूळ एका तांत्रिक अडचणीत आहे. १९६८ मध्ये हे तिघे जिमी हेंड्रिक्सच्या अमेरिका दौऱ्यात त्याच्याआधी वाजवत होते. रॉकच्या सर्वात मोठ्या गिटारवादकाच्या आधी, गिटारशिवाय!

एमर्सनने चौथे काम पत्करले. बसलेला ऑर्गनवादक प्रेक्षकांच्या नजरेत भरत नाही हे त्याने ओळखले होते. त्याच्याकडे मोठ्या हॅमंडखेरीज एल-१०० हा लहान नमुना होता. तो हा ऑर्गन हलवत असे, कलंडवत असे. तसे केले की आतल्या प्रतिध्वनीच्या स्प्रिंगा आदळून स्फोटासारखा आवाज येई. पट्ट्यांमध्ये तो सुऱ्या खुपसायचा. वृत्तपत्रांनी त्याचा तमाशा केला. पण सुरी खुपसली की पट्टी दाबलेली राहते, स्वर चालू राहतो आणि वादकाचे दोन्ही हात मोकळे होतात. आणि वाजत असताना तो मोटर बंद करायचा. चकत्या मंदावत आणि स्वर घसरत घसरत खाली येई. ओबडधोबड का होईना, पण ही मींडच होती. मोटर विजेच्या वारंवारितेवर चालते, म्हणून स्वरही तिच्यावर अवलंबून. हे घड्याळजीचे गणित एमर्सनने खेळात वापरले. पुढे ‘एमर्सन, लेक अँड पामर’ या वृंदात रॉबर्ट मूग यांचा सिंथेसायझर हाती आल्यावर एका पट्टीवरून बोट सरकवून स्वर घसरवणे त्याला सुरेल रीतीने साधू लागले. इथे एक सांगायला हवे : १९७० मध्ये तीन जणांचा हा वृंद बांधला, तोवर गिटारवादकाशिवाय चालते हे एमर्सनला पक्के ठाऊक होते. ग्रेग लेक बेसबरोबर अधूनमधून गिटारही वाजवत असे, पण केंद्र की-बोर्डच राहिला. जे आधी गरजेपोटी घडले होते, ते आता निवडीने घडत होते.

‘एग’च्या वाट्याला यातले काहीच आले नाही, ना गाजावाजा, ना सुऱ्या. ऑर्गनवर डेव्ह स्ट्यूअर्ट, बेस आणि गायन माँट कँपबेल, ड्रम्सवर क्लाइव्ह ब्रुक्स. तिघेही विशीच्या उंबरठ्यावर. त्यांनी पहिले काम, म्हणजे भराव, जवळजवळ रद्दच केले. गिटारचा सततचा झणत्कार गेल्यावर खाली जी रिकामी जागा उरते, ती त्यांनी मात्रांच्या हिशेबाने बांधली. त्यांच्या १९६९ च्या पहिल्या तबकडीतले गाणे सात मात्रांच्या लयीचे गमतीने कौतुक करते. रूपकावर वाढलेल्या आपल्या कानाला सात मात्रांचे अप्रूप नाही. पण चारच्या पावलांवर नाचणाऱ्या इंग्लिश तरुणाला ते पायात पाय अडकवणारे होते. १९७० च्या पहिल्या दीर्घ मुद्रिकेच्या वेष्टणावरच त्यांनी सांगून टाकले होते की हे नाचायचे नाही, लक्ष देऊन ऐकायचे संगीत आहे आणि आहेत त्या वाद्यांच्या मर्यादेत जमेल तेवढे स्वतंत्र आहे. मला त्यातला मर्यादेचा उल्लेख महत्त्वाचा वाटतो. घोषणापत्र लिहिणारा माणूस मर्यादा सांगत नाही.

चारही कामांचे सर्वात खोल वाटप झाले ते ‘व्हॅन डर ग्राफ जनरेटर’ या वृंदात. इथे खुर्ची रिकामी झाली ती बेसवादकाची : १९७० मध्ये ध्वनिमुद्रण अर्धे झालेले असताना निक पॉटर सोडून गेला. एकलवादन करणारा गिटारवादक या वृंदात तेव्हा नव्हताच. ह्यू बँटन हा चर्च ऑर्गनचे शिक्षण घेतलेला आणि बीबीसीत तंत्रज्ञ म्हणून काम केलेला माणूस. त्याने बेसचे काम पायपट्ट्यांवर, म्हणजे आपल्या पायांवर घेतले आणि ऑर्गनच्या आत स्वतः फेरफार केले. डेव्हिड जॅक्सन दोन सॅक्सोफोन एकदम तोंडात धरून गिटारचे एकलवादन आणि जोर दोन्ही सांभाळी. १९७१ च्या ‘पॉन हार्ट्स’मध्ये मुद्रिकेची एक अख्खी बाजू एकाच रचनेला दिलेली आहे, समुद्रातल्या दीपस्तंभाचा एकटा रखवालदार हा तिचा विषय. ती ऐकताना चर्चमधला घुमार आणि कारखान्यातला गोंगाट एकत्र येतात. ही मुद्रिका इटलीत विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेली. मायदेशात मात्र तिला तसे यश मिळाले नाही.

या साऱ्याला मान्यता मिळाली तो दिवस सांगता येतो. १३ ऑगस्ट १९७० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, प्रॉम्स या अभिजात संगीताच्या महोत्सवात ‘सॉफ्ट मशीन’ने वाजवले. त्या महोत्सवात रॉक वृंदाला मिळालेले ते पहिले स्थान. वायटने नंतर सांगितलेली आठवण अशी की कार्यक्रमाआधी तो बाहेर गेला आणि परत येताना दारवानाने त्याला आत सोडेना. इथे खरे संगीत चालते, असे त्याचे म्हणणे. तीन वर्षांपूर्वी एकाला देशाच्या दारात अडवले होते, आता दुसऱ्याला सभागृहाच्या.

पण मान्यता म्हणजे स्थैर्य नव्हे. ‘अ‍ॅटॉमिक रूस्टर’ची १९७० ची पहिली ध्वनिमुद्रिका ऑर्गन, बेस आणि ड्रम्स यांच्यावरच उभी होती. तिचा ऑर्गनवादक व्हिन्सेंट क्रेन याने आधी आर्थर ब्राऊनबरोबर काम केले होते आणि १९६८ मध्ये इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलेल्या त्यांच्या ‘फायर’ या गाण्यातही गिटार नव्हती. म्हणजे गिटारविना गाणे खपत नाही असे कोणी म्हणू शकत नव्हते. तरीही नवा गिटारवादक येताच त्या पहिल्या मुद्रिकेतल्या काही गाण्यांवर अमेरिकी आवृत्तीसाठी मागाहून गिटार चढवण्यात आली. दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ ऐकल्या की कळते, नवी गिटार रिकाम्या जागेत बसत नाही. कारण ती जागा ऑर्गनने आधीच भरून काढलेली असते. ‘एग’ १९७२ मध्ये फुटला. १९७४ मध्ये शेवटच्या मुद्रिकेसाठी तिघे पुन्हा जमले तेव्हा हिलेज एका रचनेत पाहुणा म्हणून गिटार वाजवून गेला. १९७३ च्या अखेरीस ‘सॉफ्ट मशीन’ने ॲलन होल्ड्सवर्थ हा गिटारवादक घेतला आणि १९७६ मध्ये रॅटलेजने वृंद सोडला. त्याच सुमारास हॅमंड कंपनीने चकत्यांचे ऑर्गन बनवणे थांबवले. मग पंक आले. एक स्वस्त गिटार, तीन स्वरसंगती आणि कुठल्याही व्हॅनमध्ये मावणारे सामान.

या आठ-नऊ वर्षांच्या इतिहासाकडे बंडखोरी म्हणून पाहिले तर तो फसलेला दिसतो, कारण गिटार परत आली. साथीदारांचा इतिहास म्हणून पाहिले तर चित्र बदलते. आपल्याकडच्या संगीताच्या इतिहासातही गायकांची चरित्रे शेल्फभर आणि पेटी-ऑर्गनच्या साथीदारांची नावे तळटीपेत, अशीच विभागणी आहे. साथीदार मुख्य कलावंतासारखे वागू लागला की आपण त्याच्या महत्त्वाकांक्षेचा इतिहास लिहितो. त्याला कोणत्या दिवशी कोणाचे काम अंगावर घ्यावे लागले आणि ते पेलण्यासाठी त्याने वाद्यात, हातापायांत, मात्रांत काय बदल केला, हे लिहायचे राहून जाते. रॅटलेजचा न उचललेला हात आणि बँटनचे बेस वाजवणारे पाय हे त्या न लिहिलेल्या इतिहासाचे पुरावे आहेत, आणि ते ध्वनिमुद्रिकांवर अजून ऐकू येतात.