दोनशेची रेघ
जून १९८१. लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद अमेरिकेत छापून आली. मायकेल गॉटलिब आणि सहकाऱ्यांनी रक्त तपासलं, तर मदतनीस टी-पेशी, म्हणजे आजच्या सीडी४, जवळपास संपलेल्या.

पुढे या मोजणीचीच रेघ झाली. निरोगी माणसात घनमिलिमीटरमागे साधारण ५०० ते १,५००. एचआयव्ही असून २०० च्या खाली गेलात की एड्स, असं अमेरिकेत १९९३ पासून ठरलं. गरीब देशांत लक्षणं नसतील तर औषधही तिथेच अडायचं. आमच्या कोडमधल्या ‘इफ’सारखं: १९९ ला गोळ्या, २०१ ला ‘नंतर या’.

जागतिक आरोग्य संघटनेनं रेघ ३५०, मग ५०० वर नेली आणि २०१५ मध्ये पुसलीच. आता सीडी४ मोजतात ते धोका ओळखायला, रुग्णाला ताटकळत ठेवायला नाही.