श्रोत्याचा शब्द : वैदर्भी फिरत्या कीर्तन-भजनातील रचनाप्रक्रिया

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील जाम हे नागपूर-हिंगणघाट रस्त्यावरचे नाक्याचे गाव. येथून एक वाट वर्धा-सेवाग्रामकडे, दुसरी वरोरा-चंद्रपूरकडे, तिसरी समुद्रपूर-गिरडवरून चिमूरकडे जाते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विदर्भाच्या अशाच वाटांवरून गाडगेबाबा आणि तुकडोजीमहाराज सतत हिंडत राहिले. दोघांचाही जन्म अमरावती जिल्ह्यातला. पहिल्यांचा शेंडगावी १८७६ मध्ये, दुसऱ्यांचा यावलीस १९०९ मध्ये. समाजसुधारणेच्या इतिहासाने दोघांची नोंद ठळकपणे घेतली. वाङ्मयेतिहासाने मात्र तुकडोजींना काही जागा दिली आणि गाडगेबाबांना जवळपास वगळलेच. ही विषमता लेखनाच्या अस्तित्वावरून ठरली आहे, रचनेच्या गुणावरून नव्हे, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

गाडगेबाबा निरक्षर होते. त्यांच्या कीर्तनाला लिखित संहिता नव्हती, पूर्वरंग-उत्तररंगाची नारदीय चौकटही नव्हती. वारकरी कीर्तनाशी त्यांचे नाते अधिक जवळचे. वारकरी परंपरेत कीर्तनकाराचे निरूपण चालू असता पाठीमागचा टाळकरी प्रसंगास अनुरूप असे प्रमाण नेमके त्याच क्षणी उचलून गातो. म्हणजे रचनेचा काही भार कीर्तनकाराखेरीज इतरांच्या स्मृतीवर आधीपासूनच टाकलेला असतो. गाडगेबाबांनी हा भार टाळकऱ्यांपुरता न ठेवता समोरच्या सबंध समुदायावर सोपविला. तुकोबा आणि कबीर यांची वचने प्रमाण म्हणून येत. परंतु कीर्तनाचा कणा प्रश्नांचा असे. बाबा वऱ्हाडी बोलीत प्रश्न टाकीत, लोक उत्तर देत, आणि त्या उत्तराच्या शब्दावरून पुढचा प्रश्न निघे. कर्ज काढून केलेला सण, देवापुढे कापलेले बकरे, दारू, पोरांचे शिक्षण हे विषय ठरलेले होते. त्यांचा क्रम, लांबी आणि लय त्या रात्रीच्या मंडळींवर अवलंबून राही.

मौखिक रचनेच्या चर्चेत मिलमन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांचा दाखला नेहमी दिला जातो. युगोस्लाव्हियातील गुस्लावादक गायकांचे १९३० नंतरच्या दशकात केलेले ध्वनिमुद्रण आणि त्यावर उभा राहिलेला लॉर्ड यांचा १९६० चा ग्रंथ यांनी एक गोष्ट सिद्ध केली : गायक पाठ केलेले गीत म्हणत नाही, तो सूत्रबद्ध पदावलीच्या आधारे गाता गाताच रचतो. तेथे श्रोत्याच्या लक्ष देण्या-न देण्याने गीत लांबते वा आखडते. पण श्रोता बोलत नाही. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबात बोलणारे दोन पक्ष असतात, मात्र ते दोन्ही फडाचेच. गाडगेबाबांच्या कीर्तनात उत्तर देणारा शेतकरी कोणत्याच फडाचा नसतो. म्हणून लॉर्डप्रणीत प्रतिमान येथे अर्ध्या वाटेवर थांबते.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. बाबांचे प्रश्न असे की त्यांची उत्तरे जवळजवळ ठरलेली असत. ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणण्यात कसली आली सहनिर्मिती? काव्यदृष्ट्या पाहता त्या एका शब्दाला फारसे मोल नाही, हे मान्य करावे. परंतु ज्या गावात काल बकरे कापले गेले त्या गावात, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत, देव बकरे खात नाही असे मोठ्याने म्हणावे लागणे ही निव्वळ प्रतिक्रिया नव्हे. ती साक्ष आहे. बोललेला शब्द बोलणाऱ्याला बांधून घेतो आणि पुढच्या प्रश्नाला त्याच साक्षीचा पाया मिळतो. समीक्षा या शब्दाला ‘श्रोत्यांचा प्रतिसाद’ म्हणून मोकळी होते. वास्तविक तो रचनेचा घटक आहे; तो काढला तर उरते ते प्रवचन.

प्रबोधनकार ठाकरे यांनी १९५२ च्या सुमारास बाबांचे चरित्र लिहिले. बाबांच्या कीर्तनाचे शब्दचित्र उभे करणे आपल्या आवाक्याबाहेरचे, अशा आशयाची कबुली त्यांच्या नावे सांगितली जाते. प्रबोधनकारांसारख्या लेखणीच्या धन्याने हे म्हणावे याला अर्थ आहे. कमतरता शैलीची नव्हती. एका लेखणीतून दोन बाजू एकाच वेळी उतरत नव्हत्या. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे पोलिसांपुढे झालेल्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण मात्र झाले. सहा आठवड्यांनी, २० डिसेंबरला, बाबांचे निधन झाले. ती फीत मोलाची खरी, पण ती एका रात्रीची, एका समुदायाची आहे. शेकडो गावांतल्या उत्तरांना ती प्रतिनिधी म्हणून उभी करता येणार नाही.

तुकडोजींचा मार्ग निराळा. चिमूरच्या रानातली साधना, १९३६ मधला गांधीजींच्या सहवासातला सेवाग्रामचा मुक्काम, आणि १९४२ च्या आंदोलनात झालेला तुरुंगवास. या टप्प्यांतून त्यांचे खंजिरी भजन घडत गेले. मराठी-हिंदी दोन्ही भाषांत प्रसंगी रचलेली पदे, शेवटी ‘तुकड्यादास’ ही नाममुद्रा, आणि समुदायाने उचलावे असे ध्रुवपद. येथे श्रोता गातो, परंतु त्याचे शब्द कवीने आधीच नेमून दिलेले असतात. नाममुद्रेमुळे पद एका कर्त्याचे ठरते, छापले जाते, दुसऱ्या गावात जसेच्या तसे गाता येते. मोझरीच्या गुरुकुंजातून गुरुदेव सेवामंडळांचे जाळे पसरले, सामुदायिक प्रार्थनेचा पाठ स्थिर झाला, १९५५ च्या सुमारास ‘ग्रामगीता’ सिद्ध झाली. उत्स्फूर्ततेचा संकोच झाला असे म्हणता येईल. पण या संकोचामुळेच १९६८ मध्ये तुकडोजींच्या निधनानंतर भजन थांबले नाही. विदर्भातील गावोगावी आजही खंजिरी भजनाच्या स्पर्धा होतात. गाडगेबाबांच्या कीर्तनाची अशी स्पर्धा भरविता येणार नाही, कारण तिथे पाठ करण्याजोगा अर्धा भाग स्पर्धकाकडे नसतोच. तो समोर बसलेल्यांकडे असतो.